दहा मिनिटांची वापसी

आमच्या धंद्यात किस्से जमवावे लागत न्हाईत. कूलरच्या जाळीत धूळ साचती तसे ते आपोआप साचतात. फरक एवढाच, की बाकीच्या ऑफिसातले किस्से हसायचे असतात आणि आमचे भ्यायचे. चहाच्या टपरीवर आम्ही ते हसत हसत सांगतो, तो भाग वेगळा.

जालन्यात आमचं छोटं दुकान है. लोकांचे सर्व्हर सांभाळायचं काम. माणसं तीन. मालक सलीमभाई, पन्नाशी ओलांडलेले, आधी रेडिओ आणि टीव्ही दुरुस्त करायचे. सर्व्हर ज्यावर चालतात ते युनिक्स शिकले ते जुनी पुस्तकं वाचून, स्वतःच्या हिमतीवर. दुसऱ्या वर्षाताई, त्या फोन घेतात. समोरचा नुसता हॅलो म्हणला तरी त्यांना कळतं, कुणाचं काय बंद पडलं ते. आणि तिसरा मी, राहुल.

सर्व्हरला एक पक्का पत्ता द्यावा लागतो, आकड्यांचा. त्याला स्टॅटिक आयपी म्हणतात. बाकीच्या कॉम्प्युटरांनी रोज नवा पत्ता घेतला तरी चालतं, पण सर्व्हरला सगळे शोधत येतात. तो जागचा हलला की सगळेच वाटंवर. काम म्हणलं तर दोन मिनिटांचं. फाईलमध्ये चार ओळी लिहायच्या आणि एन्टर मारायचं. त्या एन्टरची मला आजही भीती वाटते, आणि हे सांगायला मला लाज वाटत न्हाई.

सगळ्यात जास्त भीती एका सर्व्हरची. जालन्यातल्या एका खासगी दवाखान्यात कमी दिवसांच्या लेकरांची खोली है, काचेच्या चार पेट्यांची, तिथला. कारण त्या सर्व्हरचा पत्ता मी माझ्या हातानं लावलाय, आणि पुढं दोन नंबरच्या पेटीत माझी लेक होती. पण ते शेवटी सांगतो. आधी बाकीचे ऐका, म्हणजे मी का भ्यालो ते कळंल.

* * *

माझा पहिला महिना. जाफराबादला एका कापूस खरेदीवाल्याकडं आमचा सर्व्हर होता, त्याचा पत्ता बदलायचा होता. मी जालन्यात बसून, लाईनवरून त्या मशीनीत शिरलो. नवा पत्ता लिहिला, एन्टर मारलं, आणि पडदा थिजला.

आधी वाटलं नेट स्लो है. मंग कळलं. ज्या पत्त्यावरून मी आत गेल्तो तो मीच पुसला होता, आणि नव्या पत्त्यात एक आकडा चुकला होता. तिकडं मशीन चालू असणार, तिचा पंखा फिरत असणार, पण तिच्यापर्यंत जायला रस्ताच राहिला न्हाई.

सलीमभाई मागं येऊन उभे राहिले. "गेली?"

"गेली, भाई."

"जीपा कुठून सुटतात म्हाईत है ना?"

जीपमध्ये मागच्या बाजूला, गुडघ्यावर बॅग घेऊन बसलो. भोकरदनच्या अलीकडं वर्षाताईंचा फोन. "राहुल, त्यांचा फोन आल्ता. मी सांगितलं, इंजिनिअर निघालेत. आता उतरताना जरा इंजिनिअरसारखे उतरा."

पोचलो. कीबोर्ड ओढला, एक आकडा बदलला. अर्ध्या मिनिटाचं काम. मालक म्हणले, "एवढ्यासाठी एवढ्या लांबून आले?"

मी म्हणलो, "आमच्याकडं फोनवर काम करत न्हाईत. समक्ष येऊन करतो."

पुढं वर्षभर तो माणूस गावात आमची तारीफ करत फिरला.

* * *

मी परत आलो तेव्हा सलीमभाईंनी मला वापसी शिकवली. बाहेर याला इंग्रजी नावं असतील, आमच्या दुकानात वापसीच म्हणतात. पत्त्याला हात लावायच्या आधी मशीनला सांगून ठेवायचं, की बाई, दहा मिनिटांनी तू आपोआप जुन्या पत्त्यावर परत जा. मंग खुशाल बदल कर. चुकलं तर दहा मिनिटं गप बसायचं, मशीन स्वतःच घरी येती.

"आणि बराबर लागलं तर?" मी विचारलं.

"तर वापसी काढायची. न्हाई काढली तर?"

"तर काय, भाई?"

"कळंल कधीतरी," सलीमभाई म्हणले.

कळलं. औद्योगिक वसाहतीत एका बियाण्याच्या कंपनीत मी नवा पत्ता लावला. सगळं चकाचक. चार जणांनी आपापल्या टेबलावरून उघडून दाखवलं. मॅनेजरनं चहा पाजला. मी गाडीला किक मारली आणि मोठ्या ऐटीत निघालो. चौकात पोचलो न्हाई तोच फोन. सगळं बंद.

मी वापसी काढलीच नव्हती. मशीननं इमानदारीनं माझं ऐकलं, दहा मिनिटं मोजली आणि जुन्या पत्त्यावर निघून गेली. तिकडं पन्नास माणसं नव्या पत्त्यावर तिला शोधत बसलेली.

मी गाडी वळवली. चुकलेल्या कामाची भीती मला म्हाईत होती. बराबर झालेलं काम मागून असं उलटू शकतं, हे नवीन होतं. तेव्हापासून आमच्याकडं राम राम म्हणायच्या आधी एकमेकाला विचारतात, वापसी काढली का? वर्षाताई तर गॅस बंद केला का हे विचारायला घरी फोन लावतात तेव्हाही हेच म्हणतात.

* * *

तीर्थपुरीकडच्या जिनिंगचा किस्सा माझ्या वाईटपणाचा है, पण सांगतो.

तिथं मी पत्ता लावला, पण फाईलमध्ये लिहिला न्हाई. नुसता हुकूम दिला. युनिक्सचं असं है, की नुसत्या हुकुमानं लावलेला पत्ता मशीन चालू है तोवरच टिकतो. लाईट गेली, मशीन बंद पडून परत उठली, की तिला काही आठवत न्हाई. आणि तिकडं लाईट जायला काय लागतं.

तिथले ऑपरेटर देवीदासराव, भले माणूस. लाईट आली की त्यांचा फोन यायचा. "सर, मशीन हाय पण कुणाशी बोलंना." मी म्हणायचो, पाच मिनिटं थांबा. त्या मशीनीत शिरायला मी दुसरी वाट ठेवलेली होती. आत जाऊन परत हुकूम द्यायचो, चालू व्हायचं. फाईलमध्ये का न्हाई लिहिलं? कारण लिहायचं म्हणजे सलीमभाईंच्या वहीत नोंद करावी लागती, आणि मंग पहिल्याच दिवशी लिहिलं नव्हतं हे उघडं पडलं असतं. भीतीनं माणूस काय काय करतो.

एक दिवस देवीदासरावांचा फोन सलीमभाईंनी घेतला. स्पीकर चालू होता.

"भाई, तुमच्या पोराला सांगा, आता फोनवर जास्त वेळ घालवायचं काम न्हाई. आम्हाला इलाज सापडला. लाईट आली की सर्व्हरला दोन अगरबत्त्या लावतो. अर्धी जळती न जळती तोवर चालू होतं."

सलीमभाईंनी फोन ठेवला. माझ्याकडं पाहिलं न्हाई. वही उघडली, पेन्सिल काढली आणि म्हणले, "तुझं काम तू देवाच्या अंगावर घालून राह्यला. त्याला पगार तू देतो का?"

त्याच दिवशी मी तीर्थपुरीला गेलो आणि फाईलमध्ये लिहून आलो. देवीदासराव अजून अगरबत्ती लावतात.

* * *

आमचा दुसरा नियम दुसऱ्याच्या डोळ्यांचा. टाइप करणाऱ्यानं स्वतःचं वाचायचं न्हाई. दुसऱ्यानं पडद्यावर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्यानं वाचायचा, मंगच एन्टर. कारण आपलं लिहिलेलं आपण वाचतच न्हाई, मनातलं वाचतो.

हा नियम सलीमभाईंनी काढला आणि तोच त्यांच्यावर उलटला. एकदा ते स्वतः बसले होते. चारदा तपासलं. मंग रिवाज म्हणून वर्षाताईंना हाक मारली. त्यांना युनिक्सचं ओ का ठो कळत न्हाई. एका हातात पोळीचा डबा, दुसऱ्या हाताचं बोट पडद्यावर. आकडे वाचत गेल्या आणि थांबल्या.

"भाई, सर्व्हरचा पत्ता आणि बाहेर जायच्या दाराचा पत्ता एकच असतो का?"

असत न्हाई. तसंच एन्टर मारलं असतं तर त्या अख्ख्या बिल्डिंगचं नेट गेलं असतं. सलीमभाईंचं बोट एन्टरवर टेकलेलं होतं. त्यांनी ते हळूच उचललं, जसं काही गरम तव्यावरून उचलावं.

"आठ वर्षांत पहिल्यांदा चुकलो," ते म्हणले.

"वाचायला आठ वर्षांत पहिल्यांदाच बोलावलं तुम्ही," वर्षाताई म्हणल्या आणि डबा उघडून जेवायला बसल्या.

* * *

आता दवाखाना.

तिथं चार काचेच्या पेट्या. लेकराच्या पोटाला एक बारकी पट्टी चिकटवलेली असती, ती अंगाची गरमी मोजती. आकडा पेटीवर दिसतो, आणि पेटीमागच्या डब्यातून आमच्या सर्व्हरकडं जातो. आकडा घसरला की सर्व्हर बाहेरच्या पॅसेजमधल्या बोर्डाची घंटी वाजवतो. पेटीला स्वतःचा बझर असतो, पण दार लावलं की तो बाहेर ऐकू येत न्हाई, आणि सिस्टर एकटी, तिला प्रसूतीच्या खोलीतही पळावं लागतं. म्हणून ती घंटी.

एक दिवस मंगल सिस्टरचा फोन. बोर्ड मधीच काळा पडतो, मधीच पेटतो. मी दिवसभर सगळी केबल चाचपली. काहीच न्हाई. संध्याकाळी सापडलं. कॅमेरेवाल्यानं गेटवर नवा कॅमेरा बसवला होता आणि त्याला अंदाजानं एक पत्ता देऊन टाकला होता. तो नेमका आमच्या सर्व्हरचा. एका पत्त्यावर दोघं. पेटीतून निघालेला आकडा कधी सर्व्हरकडं जायचा, कधी गेटवरच्या कॅमेऱ्याकडं. कॅमेरा बिचारा त्याचं काय करणार, तो स्कुटरी मोजत बसलेला.

चहाच्या टपरीवर हा किस्सा लई चालला. खरं सांगतो, त्या दिवशी मी भ्यालो ते कामावरून काढतील म्हणून. पेट्यांत तीन लेकरं होती, त्यांची तोंडंसुद्धा मी पाहिली न्हाईत.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्या बायकोला, प्रज्ञाला, सातव्या महिन्यातच कळा आल्या. लेक झाली सव्वा किलोची. दोन नंबरच्या पेटीत ठेवली.

* * *

रोज पेटीजवळ उभा राहायचो. लेकीकडं कमी आणि पेटीमागच्या डब्याच्या हिरव्या दिव्याकडं जास्त पाहायचो. प्रज्ञा म्हणायची, "तिच्याकडं पाहा ना. बोटं कशी हलवून राह्यली." मला ती फाईल दिसायची. चार ओळी. माझ्या हातच्या. मी वापसी काढली होती का? फाईलमध्ये लिहिलं होतं का? वहीत नोंद होती, सलीमभाईंनी तीनदा दाखवली. तरी घरी जाताना जिन्यातून परत वर यायचो.

आणि अशातच दवाखान्यानं नेटची नवी लाईन घेतली. अख्ख्या बिल्डिंगचे पत्ते बदलणार. आमच्या सर्व्हरचाही.

मी सलीमभाईंना म्हणलो, "भाई, माझी लेक घरी जाऊ द्या, मंग करू."

"तुझी गेली की त्या पेटीत दुसऱ्याची येईल," ते म्हणले. "त्याला काय सांगू? थांब म्हणू?"

काम दुपारी ठरलं. सर्व्हरचा पत्ता बदलायला दोन मिनिटं, पण पेट्यांमागचे डबे जुने. एकेक बंद करून नवा पत्ता सांगून चालू करायचा. सगळी मिळून दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत घंटी वाजणार न्हाई. नेमकं प्रसूतीच्या खोलीत एक बाई अडलेली, मंगल सिस्टर दोन्हीकडं एकटी.

वर्षाताई दुकानाला कुलूप लावून वाचायला आल्या. मी खुर्ची ओढली, तर सलीमभाईंनी माझा हात धरला.

"तू टाइप न्हाई करायचं. वाचायचं पण न्हाई. आज तुझे डोळे तुझ्याजवळ न्हाईत."

मंग त्यांनी डॉक्टरांना विचारून चार स्टूल मागवले. प्रत्येक पेटीजवळ एक माणूस बसवायचा, लेकराच्या घरचाच. गाऊन घालून, तोंडाला मास्क बांधून. पण स्वतःच्या लेकराजवळ न्हाई.

"आपलं असलं की माणूस तोंडाकडं पाहतो," सलीमभाई म्हणले. "मला आकड्याकडं पाहणारा पायजे. छत्तीसच्या खाली गेला की सिस्टरला हाक. आणि मी स्वतः येऊन उठा म्हणेपर्यंत कुणी उठायचं न्हाई."

एक आणि तीन नंबरवर एका लेकराची आजी आणि दुसऱ्याचा मामा, अदलाबदल करून. चार नंबरमध्ये अंतरवाली सराटीच्या अंबादासभाऊंचा मुलगा होता. त्याच्याजवळ मला बसवलं. माझ्या लेकीजवळ अंबादासभाऊ.

मी त्यांना आधी पाहिलं होतं, पॅसेजमध्ये भिंतीला टेकून बसलेले. बोलणं कधी झालं न्हाई. बसायच्या आधी मी त्यांना विचारलं, "आकडे दिसतात ना बराबर?"

"सोयाबीन घालताना काटा पाहतो ना मी," ते म्हणले. "इकडचा दाणा तिकडं होऊ देत न्हाई."

बाहेरून वर्षाताईंचा आवाज आला, एकेक आकडा मोठ्यानं. मंग एन्टरचा टक आवाज. काचेतून दिसणारा पॅसेजमधला बोर्ड काळा पडला.

माझ्यासमोर छत्तीस पॉइंट सात. मी त्या आकड्याला डोळे लावले. आतलं लेकरू काळंसावळं, मुठी आवळून झोपलेलं. मागं वळून पाहायची इतकी इच्छा होत होती की मान दुखायला लागली. छत्तीस पॉइंट सात. छत्तीस पॉइंट सात. किती वेळ गेला कळंना.

"सिस्टर." मागून अंबादासभाऊंचा आवाज. मोठा, पण घाबरलेला न्हाई. "दोन नंबर उतरून राह्यला. छत्तीस पाच होता, मंग छत्तीस दोन, आता पस्तीस नऊ."

मी उठलो न्हाई. नियम पाळला असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण मागं काय दिसंल याचीच भीती होती. मी छत्तीस पॉइंट सातकडं पाहत राहिलो आणि मागं सिस्टरच्या पळत आलेल्या चपला ऐकल्या. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज.

"पट्टी सुटली पोटावरची," सिस्टर म्हणल्या. "मशीनला वाटलं लेकरू गार पडलं, ती हिटर वाढवत चालली होती. भाजलं असतं." मंग थोड्या वेळानं, "लागली. आकडा वर येऊन राह्यला."

"छत्तीस एक," अंबादासभाऊ म्हणले. "छत्तीस तीन. छत्तीस पाच. थांबला."

मंग बोर्ड पेटला. वर्षाताई दारात आल्या. त्यांनी जास्तीची एक पट्टी गार पाण्याच्या वाटीत बुडवून पाहिली, घंटी वाजली. परत बुडवली, परत वाजली.

"वापसी काढली?" मी विचारलं.

"काढली. मी माझ्या डोळ्यांनी पाहिली. उठ आता."

मी उठलो. आजी उठली, मामा उठले. मी दोन नंबरकडं गेलो. लेकीचं पोट भात्यासारखं हलत होतं. छत्तीस पॉइंट पाच. अंबादासभाऊ स्टुलावर तसेच बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर.

"भाऊ, झालं," मी म्हणलो. "मशीन लागली. आता घंटी वाजती."

त्यांनी आकड्यावरची नजर काढली न्हाई. "तुमचे भाई म्हणले, मी स्वतः येऊन उठा म्हणेपर्यंत उठायचं न्हाई. ते अजून आले न्हाईत."

मी पॅसेजमध्ये जाऊन वर्षाताईंना विचारलं. लाईनवाल्यांनी सलीमभाईंना खाली बोलावलं होतं आणि ते तिकडूनच दुकानाकडं निघून गेल्ते. चार जणांना बसवलेलं ते विसरून गेले होते. एक फोन लावला असता तर झालं असतं, आणि फोन माझ्या हातातच होता.

मी तो खिशात ठेवला, आणि अंबादासभाऊ माझ्या लेकीजवळ बसलेत तोवर त्यांच्या लेकराजवळ, चार नंबरच्या स्टुलावर परत जाऊन बसलो.